सरासरी घर कुठे राहतं? पेण-रोह्याच्या घरखर्चाचे आकडे वाचताना

(सार्वजनिक व्याख्यानाचं संपादित शब्दांकन. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न दिले आहेत.)

आजचा विषय ऐकायला कोरडा आहे. घराचं उत्पन्न, घराचा खर्च, आणि या आकड्यांचं वर्णन कसं करायचं. मध्य, मध्यक, बहुलक हे शब्द आपण शाळेत शिकतो, परीक्षेपुरती गणितं सोडवतो आणि विसरून जातो. पण पुढे आयुष्यभर हेच शब्द आपल्या मागे असतात. कुठल्या गावाला ‘सुधारलेलं’ म्हणायचं, कुठल्या वाडीला कोणती योजना द्यायची, हे ठरवणाऱ्या कागदावर बहुधा एक सरासरी लिहिलेली असते.

आम्ही आज टीका करणार आहोत, हे आधीच सांगतो. टीका कुणा एका अहवालावर नाही, एका सवयीवर आहे. पेण-रोह्याकडच्या घरांची पाहणी अनेक निमित्तांनी होते. कॉलेजचा प्रकल्प असतो, कारखान्याच्या सामाजिक निधीतून काम सुरू करण्याआधीची पाहणी असते, ग्रामपंचायतीचा विकास आराखडा असतो. अहवालांचा साचा मात्र ठरलेला. ‘सरासरी मासिक उत्पन्न’ एका रकान्यात, ‘सरासरी मासिक खर्च’ दुसऱ्या रकान्यात, दोन्ही पैशांपर्यंत अचूक. मग एक रंगीत वर्तुळालेख. आणि शेवटी निष्कर्ष, की इथल्या कुटुंबांची सरासरी बचत अमुक इतकी आहे.

आमचं म्हणणं एकाच वाक्यात सांगायचं तर असं: या भागात दोन घरांमधला फरक जितका महत्त्वाचा आहे, तितकाच एकाच घराच्या दोन महिन्यांमधला फरक महत्त्वाचा आहे, आणि तो या तक्त्यांत कुठेच दिसत नाही.

रोह्याचा मुलगा आणि देशाची पाहणी

सुरुवात रोह्यापासून करू. चिंतामणराव देशमुखांचा जन्म 1896 मध्ये महाडजवळच्या नाते गावचा, पण बालपण गेलं रोह्यात. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून आपण त्यांना ओळखतो. 1950 ते 1956 ते देशाचे अर्थमंत्री होते, हेही ठाऊक असतं. कमी लक्षात राहणारी गोष्ट अशी, की 1945 पासून जवळपास दोन दशकं ते भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्ष होते. प्रशांतचंद्र महालनोबिसांच्या कल्पनेतून राष्ट्रीय नमुना पाहणी उभी राहिली आणि 1950 च्या ऑक्टोबरमध्ये तिची पहिली फेरी सुरू झाली, तेव्हा अर्थखातं या रोहेकराकडे होतं.

हा अभिमानाचा मुद्दा आहेच, पण आम्ही तो एका प्रश्नासाठी काढला. त्या पाहणीतून देशाच्या घरांकडे बघण्याची जी पद्धत आली, तिला रोह्यातलं घर नीट दिसतं का?

आधी त्या पाहणीला तिचं श्रेय देऊ. ऑगस्ट 2022 ते जुलै 2023 या काळात झालेल्या घरगुती उपभोग खर्च पाहणीत देशभरातली 2,61,746 घरं होती. ग्रामीण भारतात दरडोई मासिक खर्च 3,773 रुपये निघाला, शहरी भारतात 6,459 रुपये. महाराष्ट्रात ग्रामीण 4,010 आणि शहरी 6,657. वर्तमानपत्रांत हेच आकडे आले आणि चर्चा तिथेच थांबली.

पण त्याच प्रकाशनात आणखी एक तक्ता होता. ग्रामीण लोकसंख्या खर्चाच्या चढत्या क्रमाने लावून तिचे गट पाडलेले होते. तळच्या 5 टक्क्यांचा दरडोई खर्च 1,373 रुपये, वरच्या 5 टक्क्यांचा 10,501. आता मधले गट बघा. 40 ते 50 टक्क्यांच्या गटाची सरासरी 3,094. 50 ते 60 ची 3,455. 60 ते 70 ची 3,887. मग 3,773 हा देशाचा आकडा बसतो कुठे? सहाव्या गटाच्या सरासरीच्या वर, सातव्या गटाच्या आत. म्हणजे ग्रामीण भारतातली निदान 60 टक्के माणसं ‘सरासरी’पेक्षा कमी खर्चात जगतात. मध्यक, म्हणजे बरोबर मधल्या माणसाचा खर्च, 3,100 ते 3,450 च्या दरम्यान कुठेतरी येतो.

ही माहिती सरकारने लपवलेली नव्हती. छापलेलीच होती. आपण वाचली नाही. म्हणून टीकेचा पहिला वाटा आपल्याकडे, वाचणाऱ्यांकडे येतो. सरासरी दिसली की तिला ‘सामान्य माणूस’ समजायचं, ही आपली सवय. सामान्य माणूस त्या आकड्याच्या खाली उभा असतो.

आपल्याकडे याहून चांगली वाचनपरंपरा आहे. पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी 1971 मध्ये भारतातल्या दारिद्र्यावर लिहिलं ते याच नमुना पाहणीचे 1960-61 चे आकडे हातात घेऊन. देशाचा सरासरी खर्च किती, एवढ्यावर ते थांबले नाहीत. किमान आहाराला पुरेल एवढा खर्च न करू शकणारे किती, असं त्यांनी विचारलं. उत्तर आलं: खेड्यांत सुमारे 40 टक्के, शहरांत सुमारे 50 टक्के. त्याहून मागे जायचं तर पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरल्ड मान यांचं काम आहे. 1917 मध्ये त्यांचं पिंपळे सौदागरवरचं पुस्तक आलं. गावातल्या घराघराचा हिशोब मांडून त्यांनी घरांची वर्गवारी केली. शेतीवर भागतं ती घरं, बाहेरच्या कमाईची जोड घेऊन भागतं ती, आणि काही केलं तरी भागत नाही ती. ही वर्गवारी हेसुद्धा आकड्यांचं वर्णनच आहे, आणि आमच्या मते सरासरीपेक्षा प्रामाणिक वर्णन.

एकच सरासरी, दोन वर्षं

आता पेणकडे येऊ.

पेण म्हटलं की गणपती. शहरातले कारखाने, हमरापूर-जोहे पट्ट्यातले कारखाने, तिथून मुंबई-ठाणे-पुण्याला आणि परदेशात जाणाऱ्या मूर्ती. काम जवळजवळ वर्षभर चालतं, पण पैसा वर्षभर सारखा येत नाही. रंगकाम, आखणी, डोळ्यांची आखणी यांचा जोर गणेशोत्सवाआधीच्या महिन्यांत असतो. तेव्हा रात्री जागवतात. विसर्जन झालं की हात रिकामे. रोह्याला धाटावच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत. तिथे कंत्राटी कामगाराचा पगार थोडा असेल, पण महिन्याला येतो.

एक उदाहरण घेऊ. हे आकडे आम्ही व्याख्यानासाठी मांडलेले आहेत, कुठल्याही पाहणीतले नाहीत. वहीत लिहून घेतलंत तर बरं.

धाटावला जाणाऱ्या एका घराचं उत्पन्न महिन्याला 15,000. वर्षाचे 1,80,000. पेणच्या कारखान्यांत रंगकाम करणाऱ्या दुसऱ्या घराचं उत्पन्न, जानेवारीपासून हजारांत, असं: 8, 8, 10, 14, 20, 30, 40, 32, 6, 4, 4, 4. बेरीज करा. तीही 1,80,000. सरासरी दोन्हीकडे 15,000. अहवालात ही दोन घरं सख्खी भावंडं दिसतील.

आता मध्यक काढा. पहिल्या घराचा 15,000. दुसऱ्या घराचे बारा आकडे चढत्या क्रमाने लावले तर सहावा 8 आणि सातवा 10, म्हणून मध्यक 9,000. पहिल्या घराचं प्रमाण विचलन शून्य. दुसऱ्याचं सुमारे 12,000, म्हणजे सरासरीच्या 80 टक्के.

याचा घराशी काय संबंध? दोन्ही घरांचा खर्च महिन्याला 13,000 धरू. कागदावर दोघांचीही वर्षाला 24,000 बचत होते. पहिल्या घरात ती खरोखर होते, महिन्याला 2,000. दुसऱ्या घरात सप्टेंबर ते मार्च हे सात महिने खर्च उत्पन्नापेक्षा जास्त आहे. तूट जोडत गेलं तर मार्चअखेर 47,000 होते. गेल्या वर्षीची शिल्लक नाही असं धरलं, तर हे पैसे कुठून तरी उचलावे लागणार. शेकडा तीन रुपये महिना, सरळ व्याजाने उचलले, तर जुलैमध्ये फेड होईपर्यंत साडेनऊ हजारांच्या आसपास व्याज जातं. चोवीस हजारांच्या त्या ‘बचती’चे पाचातले दोन हिस्से गेले. आणि एवढ्यात जर घरात कुणी आजारी पडलं, तेही डिसेंबरात, तर?

उत्पन्न तेवढंच, खर्च तेवढाच, सरासरी तीच. फरक फक्त महिन्यांचा, आणि त्या फरकाची किंमत व्याजाच्या रूपाने मोजली जाते. म्हणून आम्ही म्हणतो, प्रमाण विचलन ही परीक्षेतली शोभेची गोष्ट नाही. या भागात तो सावकाराचा रकाना आहे.

बाकी धंदेही असेच ऋतूंवर चालतात. मिठागरं पावसाळ्यात बंद. खारेपाटात भाताचं एकच पीक, आणि खाडीचा बांध फुटला तर तेही नाही. रोहे तालुक्यात कालव्याचं पाणी पोहोचतं त्या गावांत उन्हाळी भात होतो, पोहोचत नाही तिथे होत नाही. एकाच तालुक्यात एका गावाचे शेतीचे दोन हंगाम आणि शेजारच्या गावाचा एक. ‘तालुक्याची सरासरी’ काढली की कालवाच पुसला जातो.

प्रश्न विचारताना काय होतं

आकडे बिघडतात ते बेरीज करताना नाही, बहुतेक वेळा दारात उभं राहून प्रश्न विचारताना.

पहिली गोष्ट, उत्पन्न. आपल्याकडे उत्पन्न विचारलं की माणसाच्या डोक्यात आकडा येण्याआधी एक मर्यादा येते. रेशनकार्डाचे रंग आठवा. वर्षाला 15,000 पर्यंत पिवळं, एक लाखापर्यंत केशरी, त्यावर पांढरं. अन्नसुरक्षा योजनेत प्राधान्य कुटुंबासाठी ग्रामीण भागात 44,000 आणि शहरात 59,000 ची मर्यादा. लाडकी बहीणसाठी अडीच लाख. नॉन-क्रिमीलेअरसाठी आठ लाख. प्रत्येक मर्यादेच्या आत राहण्यात घराचा थेट फायदा. मग उत्तरांचा आलेख कसा येईल? मर्यादेच्या अलीकडे ढीग आणि पलीकडे खड्डा. असा आलेख दिसला की तो उत्पन्नाचा नाही, योजनेच्या नियमांचा आहे हे ओळखावं. लोक खोटं बोलतात, असं म्हणून मोकळं होणं अन्यायाचं आहे. बारा महिन्यांत बारा वेगळे आकडे असलेल्या माणसाला आपण एकच आकडा मागतो, तेव्हा तो सोयीचा आकडा देणारच.

नमुना पाहणीलाही हा अनुभव आहे. 1960 च्या दशकात आणि पुन्हा 1983-84 मध्ये उत्पन्न विचारून बघण्याचे प्रयोग झाले. सांगितलेलं उत्पन्न हे खर्च आणि बचत यांच्या बेरजेपेक्षा कमी भरत होतं. म्हणून पाहणी खर्चावर स्थिरावली. आता 2026 मध्ये देशव्यापी घरगुती उत्पन्न पाहणी करण्याचं सांख्यिकी मंत्रालयाने जाहीर केलेलं आहे. आजची टीका त्यामुळे शिळी नाही. हे प्रश्न पुन्हा दारात येणार आहेत.

दुसरी गोष्ट, खर्च. खर्च विचारणं सोपं वाटतं, पण ‘किती दिवसांचा?’ हा प्रश्न उरतो. राष्ट्रीय पाहणीत भाजी, फळं, तेल, अंडी, मासे, मटण अशा वस्तूंसाठी गेल्या 7 दिवसांचं विचारतात, धान्यासारख्या वस्तूंसाठी 30 दिवसांचं, कपडे, शिक्षण, रुग्णालयातला खर्च यांसाठी 365 दिवसांचं. योजना विचारपूर्वक केलेली आहे. पण आपल्याकडचा मासा बघा. श्रावणात अनेक घरांत तो बंद. जून-जुलैमध्ये यांत्रिक होड्यांना समुद्रात जायला बंदी. आणि त्याआधी मे महिन्यात आगोट. बोंबील, सुकट, जवळा, मीठ, मसाला, कांदे, लाकूडफाटा, सगळी पावसाळ्याची भरणी एकदम. आगोटीच्या आठवड्यात गावच्या पाहणीची पोरं दारात आली तर बाई सांगणार, ‘या आठवड्याला पाच हजार गेले.’ ते पाच हजार चार महिन्यांत खायचे आहेत. राष्ट्रीय पाहणीत अन्नाबाबत खरेदी किती केली यापेक्षा खाल्लं किती ते विचारतात, म्हणून तिथे हा घोळ कमी होतो. आपल्याकडच्या छोट्या अहवालांत खरेदी आणि खाणं यांतला फरक प्रश्नावलीत लिहिलेलाच नसतो. मग त्या 5,000 ला चाराने गुणतात आणि ‘मासिक खर्च 20,000’ असा आकडा तक्त्यात जातो. एका घराच्या आगोटीने अख्ख्या वाडीची सरासरी वर जाते.

तिसरी गोष्ट, घरचा तांदूळ. शेतातला तांदूळ खाल्ला तर खर्च शून्य लिहायचा का? राष्ट्रीय पाहणी त्याची किंमत धरते. छोट्या अहवालांत बऱ्याचदा धरत नाहीत. मग तांदूळ पिकवणारं घर गरीब दिसतं आणि विकत घेणारं सुखवस्तू.

चौथी गोष्ट, जमिनीचा पैसा. महामार्ग, औद्योगिक क्षेत्रं, रिंगरोड, यांसाठी रायगडात जमिनी गेल्या आणि जात आहेत. ज्या वर्षी मोबदला हातात पडतो, त्या वर्षी त्या घराचं ‘उत्पन्न’ प्रचंड. वाडीतल्या दहा घरांपैकी एका घराला मिळालेल्या रकमेने दहाही घरांची सरासरी फुगते. पण जमीन विकून आलेला पैसा कमाई नव्हे. ती मत्ता मोडली. याची उलटी बाजू पेणने 2010 मध्ये पाहिली. पेण अर्बन बँकेवर निर्बंध आले आणि हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले. त्या महिन्यात त्या घरांचं उत्पन्न बदललं नाही, बाजारहाटही लगेच बदलला नसेल. उत्पन्न-खर्चाच्या तक्त्यात काहीच झालं नाही असं दिसलं असतं. गेली ती आयुष्यभराची पुंजी, आणि तिला तक्त्यात रकानाच नव्हता.

बंद दारं

आता सगळ्यात गंभीर मुद्दा. आकडा चुकतो तो दुरुस्त करता येतो. पण जे घर मोजलंच गेलं नाही त्याचं काय?

रायगडमधल्या कातकरी वाड्या आपल्याला माहीत आहेत. भातकापणी झाली, दिवाळी सरली की अनेक कुटुंबं उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात, आणि पावसाच्या तोंडावर परततात. कॉलेजच्या पाहण्या कधी होतात? बहुधा डिसेंबर-जानेवारीत, कारण तेव्हा विद्यार्थ्यांना वेळ असतो आणि हवा चांगली असते. तेव्हा वाडीत कोण सापडतं? म्हातारी माणसं, एखादा नोकरीवाला, आणि ज्यांना जावं लागलं नाही अशी घरं. उरलेल्या दारांना कुलूप. पाहणी करणारे शेजारचं घर घेतात, संख्या पूर्ण करतात. अहवालात ‘50 पैकी 50 कुटुंबांची माहिती मिळाली’ असं लिहिलेलं असतं.

तक्ता पूर्ण दिसतो, आणि नेमकी सगळ्यात गरजू घरं त्यातून गळलेली असतात. मध्यक घ्या, चतुर्थक घ्या, काहीही घ्या, जे घर यादीतच नाही ते कुठल्याही सूत्राने परत येत नाही. म्हणून आमची एक साधी मागणी आहे. प्रत्येक अहवालात पहिल्या पानावर लिहावं: किती दारं बंद होती, कोणत्या महिन्यात, आणि ती माणसं कुठे गेली होती. तो आकडा सरासरीपेक्षा जास्त बोलतो.

बंद दाराचा आणखी एक प्रकार आहे. कोकण रेल्वे सुरू होते ती रोह्यापासून, आणि रोहे-पेणहून पनवेल, दिव्याकडे जाणाऱ्या गाड्यांत रोज शेकडो जण असतात. मुलगा कळंबोलीला खोली घेऊन राहतो, शनिवारी घरी येतो, आईच्या हातात पैसे ठेवतो. तो या घरचा की त्या खोलीचा? मोजला तर घरचं उत्पन्न वाढतं आणि माणशी खर्च कमी होतो. नाही मोजला तर आईबाप बिनकमाईचे असून खर्च करताना दिसतात. कुठला नियम धरला ते सांगितलं नाही, तर दोन अहवालांची तुलनाच करता येत नाही.

मग करायचं काय?

सरासरी फेकून द्या, असं आम्ही म्हणत नाही. गावाला महिन्याला एकूण किती तांदूळ लागेल हे काढायचं असेल, तर सरासरीच हवी. माणशी सरासरी गुणिले माणसं. एकूण बेरजेच्या कामाला तिच्यासारखं साधन नाही. घर कसं चाललंय हे सांगायला मात्र ती अपुरी आहे.

आम्ही तीन गोष्टी सुचवतो.

एक, कुठल्याही तक्त्यात पाच आकडे द्यावेत: सगळ्यात कमी, पहिला चतुर्थक, मध्यक, तिसरा चतुर्थक, सगळ्यात जास्त. सरासरी त्यांच्या शेजारी. सरासरी मध्यकापासून किती दूर गेली आहे हे वाचणाऱ्याला स्वतःला दिसू द्यावं. आणि पैशांपर्यंतचे दशांश सोडावेत. ज्या बाईने ‘पंधराएक हजार’ सांगितलं, तिच्या उत्तरातून 15,237.46 कसे निघतात?

दोन, तीच घरं वर्षभर बघावीत. राष्ट्रीय पाहणीत एका घराला तीन भेटी होतात, पण दर भेटीला वेगळी प्रश्नावली असते. अन्नाचं एकदा, इतर वस्तूंचं एकदा, टिकाऊ वस्तूंचं एकदा. वेगवेगळ्या महिन्यांत वेगवेगळी घरं घेतली जातात, म्हणून देशाचा वर्षाचा आकडा बरोबर येतो. पण तेच घर श्रावणात कसं होतं आणि मार्गशीर्षात कसं, हे कळत नाही. भारत, बांगलादेश आणि दक्षिण आफ्रिकेत काही संशोधकांनी गरीब घरांना वर्षभर दर पंधरवड्याला भेटून पैशांच्या नोंदी ठेवल्या. 2009 मध्ये त्यावर पुस्तक आलं. त्यांच्या कामातून दिसलं ते असं, की उत्पन्न कमी असणं हा अर्धाच त्रास आहे. ते कधी येईल याचा भरवसा नसणं हा उरलेला अर्धा.

तीन, आपल्याकडे अशा नोंदी आधीच आहेत. महिला बचत गटांच्या वह्या उघडा. दर महिन्याची बचत, अंतर्गत कर्ज, कर्जाचं कारण, परतफेड, सगळं तारखेनिशी. कोणत्या महिन्यात कर्जाच्या मागण्या वाढतात आणि कोणत्या महिन्यात फेड होते, एवढे दोनच स्तंभालेख काढा. गटाची परवानगी घ्या, नावं काढून टाका, आणि आलेख आधी गटाला दाखवा. बायका बघताक्षणी सांगतील की जूनचा खांब उंच का आहे. शाळेचा खर्च, बियाणं, आगोट. तो आलेख बघून बँकेला सांगता येईल की पेणच्या मूर्तिकाम करणाऱ्या घरांचा हप्ता दरमहा सारखा ठेवू नका, आषाढ-श्रावणात मोठा ठेवा. वर्णनात्मक सांख्यिकीचा असा उपयोग झाला, तर आमच्या मते तिचं चीज झालं.

चिंतामणराव देशमुखांच्या काळात देशाने ठरवलं की घराघरात जाऊन विचारायचं, अंदाजाने बोलायचं नाही. ते ठरवणं मोठं होतं. आपलं काम त्यापुढचं आणि लहान आहे. रोह्यातल्या एखाद्या घराला विचारलं, तर वर्षातून एकदा विचारून थांबायचं नाही.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न: सरासरीऐवजी मध्यक वापरला की काम झालं, असं समजायचं का?

नाही. मध्यक एका श्रीमंत घरामुळे हलत नाही, हा त्याचा गुण. पण तळाची घरं आणखी खाली गेली तरीही तो हलत नाही, हा त्याचा दोष. वाडीतल्या सर्वांत गरीब दोन घरांचं उत्पन्न निम्मं झालं, तरी मध्यक जागेवर. म्हणून पहिला चतुर्थक आणि सगळ्यात कमीचा आकडा सोबत हवा.

प्रश्न: अन्नावरच्या खर्चाचा वाटा कमी झाला की घर सुधारलं, असं म्हणतात. ते खरं मानायचं का?

हा नियम अर्न्स्ट एंगेल यांनी 1857 मध्ये मांडला आणि ढोबळमानाने तो टिकून आहे. ग्रामीण भारतात अन्नाचा वाटा 2011-12 मध्ये 52.90 टक्के होता, 2022-23 मध्ये 46.38 झाला. पण वाटा म्हणजे भागाकार, त्यात छेदही बघावा लागतो. काम लांब गेलं, रोज पेट्रोल घालून धाटाव गाठावं लागलं, तर प्रवासाचा वाटा वाढतो आणि अन्नाचा आपोआप कमी दिसतो. ताटात काय बदललं ते टक्केवारीतून कळत नाही. त्यासाठी किलो आणि लिटर विचारावे लागतात.

प्रश्न: बारा महिने तीच घरं बघायची, हे एखाद्या कॉलेजला किंवा ग्रामपंचायतीला परवडेल का? शिवाय वीस घरांवरून गावाबद्दल काय बोलणार?

240 घरांना एकदा भेटायला जेवढ्या फेऱ्या लागतात, तेवढ्याच 20 घरांना बारा वेळा भेटायला लागतात. मेहनत तीच. वीस घरांवरून गावाची सरासरी काढू नये, हे बरोबर. पण वर्षाचा आकार कळतो: हात कधी तंग होतो, किती काळ, आणि तेव्हा घर कुणाकडे जातं. दोन्ही प्रकारची माहिती हवी. आज आपल्याकडे पहिलीचे ढीग आहेत आणि दुसरी जवळजवळ नाही. तुमच्या गावातल्या एका बचत गटापासून सुरुवात करा. आधी एका वर्षाची वही मांडून बघा, मग पुढे बोलू.